आमची वाटचाल : छपराचं काम देण्याआधी आमचं जुनं काम बघून या

चिपळूण, गुहागर, दापोली, खेड या पट्ट्यात आम्ही छपराची कामं करतो. कौलारू घराची शाकारणी, कौलं उतरवून पत्रा टाकणं, स्लॅबवरची शेड, गोठे, आंब्याच्या पॅकिंगची शेड, पन्हळी, एवढं आमचं काम. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आम्ही करत नाही, ते वेगळं शास्त्र आहे आणि त्याची माणसं वेगळी, हे आधीच सांगतो कारण "सगळं करतो हो" म्हणणारे खूप भेटतात आणि मग घरमालक अडकतो.

धंदा मूळचा वडिलांचा. बाबा सुतार, आख्खं आयुष्य आढं, वासे, रिपा या छपराच्या लाकडी सांगाड्यात गेलं. त्यांच्या वेळी कॉन्ट्रॅक्टर तपासणे वगैरे प्रकार नव्हताच कारण गरजच नव्हती, वाडीत कुणाच्या घराचं छप्पर कुणी केलंय हे शेंबड्या पोरालाही माहिती असायचं, आणि गळलं तर पहिल्या पावसातच गावभर व्हायचं. शिमगा झाला की शाकारणी सुरू, कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा बदलायच्या, परत चढवायची. ही मंगलोरी कौलं आपल्याकडे इतकी रुळली की लोकांना ती कोकणातलीच वाटतात, पण त्यांचा कारखाना बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूरला १८६५ साली काढला आणि तिथून गलबतांनी ती सगळ्या किनाऱ्यावर पोचली.

मग हळूहळू गणित बदललं. चांगलं लाकूड परवडेना, कौलं चढवणारी माणसं म्हातारी झाली, वांदरांनी तर उच्छाद मांडलाय, एका दुपारी येऊन आख्खी पडवी फोडून जातात. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे घरमालक मुंबई-ठाण्याला आणि घर गावी बंद. गणपतीला आणि मे महिन्यात कुलूप उघडणार. अशा माणसाने छपराचं काम कुणाला द्यायचं हे ठरवायचं कसं? व्हॉट्सॲपवर फोटो बघून. माझं म्हणणं एवढंच आहे की फोटो बघून छपराचं काम देऊ नका, आम्हालाही देऊ नका. नवा पत्रा फोटोत छानच दिसतो, कुणीही टाकलेला असो.

आम्ही पत्र्याच्या कामात उतरलो ते मी फॅब्रिकेशन शिकून आल्यावर. सुरुवातीला घरच्या अंगणातच वेल्डिंग मशीन, बाबा आणि मी आणि गावातली दोन पोरं. कामं मिळत होती, नाव होत होतं. पण धंद्याला खरं वळण दिलं ते निसर्ग वादळाने. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, आणि रायगडसोबत आपल्या मंडणगड-दापोलीचीही पार दैना उडवली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं.

निसर्गनंतर आम्ही जिथे जिथे कामाला गेलो तिथे मी एकच गोष्ट बघत होतो, छप्पर सुटलं कुठून? एका घरी स्लॅबवरची आख्खी शेड, पाईप पत्रे सगळं जोडलेलंच, शेजारच्या पोफळीच्या बागेत उलटी पडलेली होती. पत्रा शाबूत, वेल्डिंग शाबूत, खांबाच्या तळाच्या बेस प्लेटचे बोल्टसुद्धा शाबूत आणि त्या बोल्टांना जांभ्या चिऱ्याचे ढलपे तसेच धरून. म्हणजे खांब कॉलमवर न घेता गच्चीच्या कठड्यावर उभे केले होते, आणि कठडा चिऱ्याचा, तो काय धरणार. लोकांना वाटतं वारा पत्रा दाबून मोडतो, खरं तर तो खालून शिरतो आणि वरून ओढतो, छत्री उलटते ना तसं, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यामुळे छपराला खाली धरून ठेवणं हे अर्धं काम आहे. तेव्हापासून आम्ही खांब फक्त कॉलम किंवा बीमवरच घेतो, स्लॅबला कॉलम कुठे आहेत ते घरमालकाला माहीत नसेल तर आधी शोधतो, आणि वळचण, आढं आणि दोन्ही बाजूच्या कडा इथे स्क्रू मधल्या भागापेक्षा जवळजवळ मारतो कारण पत्रा उचकटायला सुरुवात तिथूनच होते.

त्याच काळात अजून एक प्रकार जवळून बघितला. वादळानंतर पत्र्याला मागणी अफाट, लोक हवालदिल, पाऊस डोक्यावर, आणि कुठून कुठून टोळ्या आल्या, ॲडव्हान्स घेतला, थोडं सामान टाकलं आणि फोन बंद. अशा घरांची अर्धवट कामं नंतर आमच्याकडे आली. एका म्हातारीने पेन्शनचे साठवलेले पैसे दिले होते, मला म्हणाली, "बाला, विचारायचा तरी काय असता रे?" त्याचं उत्तर नीट द्यायला हवं असं तेव्हापासून मनात आहे.

तर कागदांपासून सांगतो. खाजगी घराचं छप्पर करायला सरकारचं असं वेगळं लायसन्स नसतं, त्यामुळे कुणी "लायसन्स होल्डर" म्हणाला तर कसलं लायसन्स ते विचारा. उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट बरेच जण फ्रेम करून लावतात, आमच्याकडेही आहे, पण ते आपणच ऑनलाइन माहिती भरून फुकट मिळतं, त्यात कामाचा दर्जा कुणी तपासत नाही. शॉप ॲक्टचंही तेच, माणसं थोडी असतील तर ती नुसती माहिती कळवल्याची पावती असते. या कागदांवरून एवढंच कळतं की माणूस कुठला आणि धंदा कोणत्या नावावर, ते पण कामाचंच आहे, कारण उद्या शोधायचं झालं तर पत्ता लागतो. जीएसटी नंबर असेल तर तो मात्र जरूर तपासा. १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, मधली दहा अक्षरं पॅनची, आणि जीएसटीच्या सरकारी साईटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे, कधीपासून आहे, चालू आहे का रद्द झालाय सगळं दिसतं. आता नंबर नाही म्हणजे माणूस खोटा असं नाही हां, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, खूप चांगले कारागीर असे आहेत. पण नंबर नसताना बिलात १८ टक्के जीएसटी लावणारा असेल तर तिथेच थांबा.

आणि एक कागद जो जवळजवळ कुणीच मागत नाही, कामगारांचा विमा. छपरावरून माणूस पडतो, विशेषतः जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय दिला की पत्रा फुटून सरळ खाली. तुमच्या घरावर असं झालं तर? आमच्या माणसांची वर्कमेन कॉम्पेन्सेशनची पॉलिसी आहे, कॉपी कोटेशनसोबतच देतो, सेफ्टी बेल्ट आणि चालायला फळ्या आमच्या गाडीत असतात. सिमेंटचा जुना पत्रा आम्ही फोडत नाही, पाणी मारून आख्खा उतरवतो, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि ती धूळ फुप्फुसात गेलेली वाईट. कॉन्ट्रॅक्टर हे कसं करतो ते विचाराच.

आता कोटेशन. "स्क्वेअर फुटाला इतके" एवढ्या एका आकड्यावर काम ठरतं आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. स्क्वेअर फूट कशाचा? जमिनीवरच्या मापाचा का उताराच्या? ३० अंशाचा उतार असेल तर छप्पर जमिनीच्या मापापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी मोठं भरतं, वर वळचण बाहेर काढलेली असते ती वेगळी. मग पत्र्याची जाडी, ती रंगासकट आहे का नुसत्या स्टीलची, कोटिंग किती, पाईप किती एमएमचा, स्क्रू कुठले, पन्हळ धरली आहे का, जुनं सामान कोण नेणार, हे लेखी हवं. पाईपची जाडी बघायची सोपी युक्ती सांगतो, दोन बाय दोनचा २० फुटी पाईप २ एमएमचा असेल तर त्याचं वजन १७-१८ किलोच्या आसपास भरतं, १.६ चा असेल तर १४-१५ किलो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, काट्यावर कळतात.

पत्र्याचं म्हणाल तर आम्हाला शिकवलं एका काकांनी. गुहागरकडचे, मुंबईत गिरणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झालेली. पत्र्याची गाडी आली तशी त्यांनी आतून मायक्रोमीटर आणला, कापडात गुंडाळलेला, तेल लावून ठेवलेला, आणि म्हणाले "पोरा, उतरवू नको अजून." तीन-चार पत्रे मधूनच निवडले, कड पुसून माप घेतलं, मग पत्रा उलटा करून खालच्या बाजूचा कंपनीचा छाप वाचला, त्यावर जाडी, कोटिंग सगळं लिहिलेलं असतं, ते बिलाशी ताडून बघितलं. सगळं बरोबर होतं, मग स्वतः चहा करून आणला. मला त्यांचं इतकं आवडलं की तेव्हापासून आमच्या गाडीत मायक्रोमीटर असतो आणि घरमालकाला आम्ही स्वतःच मोजून दाखवतो, तो मुंबईला असेल तर व्हिडिओ कॉलवर. समुद्राच्या जवळ घर असेल तर ॲल्युमिनियम-झिंकचं १५० ग्रॅमचं कोटिंग आम्ही आग्रहाने सांगतो, खाऱ्या हवेत साधा पत्रा टिकत नाही. वॉरंटीही वाचा, किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत लागू नाही ते बारीक अक्षरात असतं. ती वॉरंटी पत्र्याची, कंपनीची. गळतीची जबाबदारी बसवणाऱ्याची, ती त्याच्याकडून वेगळी लिहून घ्यायची.

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठी तपासणी म्हणजे जुनं काम. या वर्षीचं नको, किमान दोन-तीन पावसाळे खाल्लेलं बघायला मागा. तिथे गेल्यावर घराच्या आत जाऊन पत्र्याखाली बघा, स्क्रूभोवती गंजाचे ओघळ दिसले तर वॉशर हलक्या रबराचा होता किंवा स्क्रू करकचून आवळलाय. वरून बघता आलं तर स्क्रू पत्र्याच्या उंच घडीवर आहेत का पाणी वाहतं त्या खोलगट भागात ते बघा. जोड कुठल्या बाजूला उघडतात तेही बघा, आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो त्यामुळे वरच्या पत्र्याची कड त्याच्या विरुद्ध बाजूला यायला हवी, म्हणजे पत्रे टाकायला सुरुवात पूर्वेकडून करायची, हे न कळणाराने टाकलेलं छप्पर साध्या पावसात गळत नाही पण झड आली की आत पाणी. आणि पत्र्यावर बारीक तांबूस ठिपके दिसले तर समजा की ग्राइंडरने कापलेला चुरा तसाच ठेवला होता, तो पहिल्या पावसात गंजतो आणि रंग खातो. आमच्याकडे संध्याकाळी खाली उतरायच्या आधी शेवटचं काम म्हणजे मऊ झाडूने आख्खं छप्पर झाडणं, नवीन पोरगा कामाला आला की त्याला पहिलं हेच शिकवतो, कंटाळतात पण करतात.

त्या घरातल्या बाईमाणसाशी बोला, हे मी मुद्दाम सांगतो. पुरुषमाणूस "चांगलं केलं हो" म्हणून मोकळा होतो. कुठल्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते, फोन केल्यावर कॉन्ट्रॅक्टर आला का, किती दिवसांनी आला, हे काकू बरोबर सांगतात.

पैशाचं आमचं सरळ आहे. सुरुवातीला थोडा ॲडव्हान्स, सामान घरापर्यंत येऊन मोजून झालं की त्याचे पैसे, फ्रेम उभी राहिली की पुढचे, आणि शेवटचे १० टक्के गणपतीनंतर. तोपर्यंत जून-जुलैचा मोठा पाऊस होऊन गेलेला असतो, चाकरमानी स्वतः घरी येऊन बघतो आणि मग देतो. सुरुवातीला मला आमच्याच धंद्यातले लोक म्हणाले की बुडतील पैसे, उलट याच अटीमुळे आम्हाला कामं मिळाली, एका वाडीत एक छप्पर केलं की पुढच्या वर्षी त्याच वाडीतली दोन-तीन येतात. आज आमच्याकडे दोन टीम आहेत, बाबा आता छपरावर चढत नाहीत पण लाकूडकामाचं माप अजून तेच घेतात.

नगरपरिषदेच्या हद्दीत गच्चीवर शेड टाकायची असेल तर परवानगीचं काय ते ऑफिसात आधी विचारून या, "काही लागत नाही" या आमच्या-तुमच्या बोलण्यावर जाऊ नका, नोटीस घरमालकाच्या नावाने येते. पुढेमागे सोलर बसवायचा विचार असेल तर तेही आत्ताच सांगा, एकेक पॅनल २०-३० किलोचं असतं, पाईप त्या हिशोबाने घ्यावे लागतात.

मे महिन्यात फोन करून "सात जूनच्या आत करून द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही बहुतेक वेळा नाही म्हणतो, घाईत ना तुम्ही आम्हाला तपासू शकता ना आम्ही घर नीट बघू शकतो. दिवाळीला गावी आलात की घर दाखवा, माप घेऊ, कोटेशन घ्या, अजून दोघा-तिघांकडून घ्या, आमचं आधीचं काम बघून या आणि मग जानेवारीपर्यंत ठरवा. तुमच्या गावाजवळ आम्ही कुठे काम केलंय ते फोनवर विचारा, त्या घरच्यांना आधी विचारून त्यांचा नंबर देतो.