इटालियन शिकायची तर मराठीतून

इटलीतल्या जुन्या हॉटेलांच्या न्हाणीघरात नळांवर ‘सी’ आणि ‘एफ’ अशी अक्षरं असतात. इंग्रजीच्या सवयीने ‘सी’चा नळ गार पाण्याचा समजून सोडला, की हात भाजतो. तो ‘काल्दो’चा सी, म्हणजे गरम. ‘एफ’ हा ‘फ्रेद्दो’चा, म्हणजे गार. इथे येणारी बरीचशी मराठी मंडळी भाषा शिकतानाही अशीच फसतात, कारण ती इंग्रजीतून इटालियनकडे जायला बघतात. मराठीतून जाणारी वाट त्याहून जवळची आहे.

मिलानच्या पोलितेक्निकोसारख्या विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतांशी इंग्रजीत चालतात, त्यामुळे इटालियनवाचून भागेल असं वाटतं. वर्गात भागतंही. पण घरमालक, औषधाचं दुकान, पोस्टाची खिडकी, मंडईतला भाजीवाला यांच्यापाशी भागत नाही. आणि या देशाचं जे खरं वैभव आहे, म्हणजे इथलं खाणं, इथलं संगीत, इथल्या गप्पा, ते सगळं इटालियनमध्येच आहे.

सुरुवात उच्चारांपासून करा, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतलं मेन्यूकार्ड विसरा. तिथला ‘रिसोटो’ इथे ‘रिसोत्तो’ आहे, ‘ब्रुशेटा’ ही ‘ब्रुस्केत्ता’ आहे, ‘टिरामिसु’ हे ‘तिरामिसू’. इटालियनमधले त आणि द हे आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. ट-ड हा इंग्रजीचा संस्कार. पिझ्झ्यातला दुहेरी झेड म्हणजे ‘चमचा’मधला च: पीत्सा. ‘चहा’तला च वेगळा, तो ‘चाओ’ या नमस्काराच्या शब्दात येतो. हे दोन्ही च मराठी माणसाच्या तोंडात लहानपणापासून असतात. लिहिताना सी किंवा जी या अक्षरापुढे ई किंवा आय आला तर च किंवा ज वाचायचं. मध्ये एच घातला की क किंवा ग. म्हणून ‘ब्रुस्केत्ता’त क आहे, श नाही.

जोडाक्षरांकडे मात्र कान देऊन लक्ष द्या. आपल्याकडे मका आणि मक्का यांत जो फरक आहे तोच इथे पावलोपावली आहे. ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘कासा’ घर, ‘कास्सा’ गल्ला. ‘कापेल्लो’ केस, ‘काप्पेल्लो’ टोपी. वय सांगताना ‘ओ वेंती आन्नी’, म्हणजे मला वीस वर्षं झाली, यातला एक न गळला तर अर्थ अश्लील होतो. दुहेरी व्यंजनावर क्षणभर थांबायचं, एवढंच.

आपल्याला खरंच जड जातो तो आघात. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कानाला तो पकडायची सवय नसते. बहुतेक इटालियन शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, पण ‘तेलेफोनो’त तो ‘ले’वर आहे, ‘माक्किना’त ‘मा’वर. शेवटच्या अक्षरावर जोर असेल तेव्हाच तो अक्षराच्या डोक्यावर रेघ देऊन हमखास लिहितात. ‘पापा’ शब्दावर रेघ असेल तर बाबा, नसेल तर पोप. नवा शब्द वहीत उतरवताना जोराच्या अक्षराखाली रेघ ओढा. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली नाही, तर नंतर चुकीचा आघात जिभेवरून काढणं फार कष्टाचं होतं.

व्याकरणात मराठीचा फायदा पुरता वसूल होतो. ‘मला कॉफी आवडते, मला आंबे आवडतात’ यात ‘मला’ तसंच राहतं आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं. इटालियनची रचना हुबेहूब हीच: ‘मी प्याचे’ एका वस्तूसाठी, ‘मी प्याच्चोनो’ अनेकांसाठी (इटालियन ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’). इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे आठवडेच्या आठवडे अडखळतो. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा भेदही तसाच आहे: पुरुष ‘सोनो आंदातो’ म्हणतो, बाई ‘सोनो आंदाता’. कर्ता गाळून नुसतं ‘येतो’, ‘जाते’ म्हणायची आपली पद्धतही इथे रोजचीच. वेगळं आहे ते आदरार्थी बोलणं. अनोळखी, वडीलधाऱ्या किंवा खिडकीपलीकडच्या माणसाला ‘तू’ न म्हणता ‘लेई’ म्हणायचं, आणि ‘लेई’चा शब्दशः अर्थ ‘ती’. समोर पुरुष असला तरी क्रियापद ‘ती’चं. ‘चाओ’सुद्धा फक्त ‘तू’ म्हणण्याजोग्या माणसालाच, बाकीच्यांना ‘ब्वोन्जोर्नो’.

गोव्याशी किंवा कोकणाशी नातं असेल तर आणखी एक ठेवा हाताशी आहे. पगार, चावी, साबण, पाव हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधून आले, आणि पोर्तुगीज-इटालियन या दोघी लॅटिनच्या लेकी. म्हणून पैसे देणं ‘पागारे’, किल्ली ‘क्यावे’, साबण ‘सापोने’ आणि पाव ‘पाने’.

बोलण्याचा सराव करायला ‘बार’सारखी जागा नाही. इथला बार म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. सकाळी सगळं गाव तिथे उभ्याने कॉफी पिऊन जातं. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः गर्दीच्या जागी, आधी ‘कास्सा’वर पैसे भरायचे, ‘स्कोंत्रीनो’ म्हणजे पावती घ्यायची, ती ‘बांको’वर, म्हणजे लाकडी किंवा संगमरवरी फळीवर ठेवायची आणि म्हणायचं: ‘उन काफ्फे, पेर फावोरे.’ नुसतं काफ्फे म्हणजे छोट्या कपातली एस्प्रेसो. ‘लात्ते’ मागितलं तर पेलाभर दूध येतं. दुधाची कॉफी हवी तर ‘काफ्फेलात्ते’. टेबलावर बसलात तर तीच कॉफी महाग पडू शकते. रोज एकाच बारमध्ये, एकाच वेळी गेलात की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारवाला स्वतःहून बोलू लागतो, आणि तिथून पुढे भाषा पुस्तकाबाहेर पडते.

स्वयंपाकघर हे दुसरं विद्यालय. पास्त्याच्या पुडक्यावर ‘कोत्तूरा’ म्हणजे शिजवण्याची मिनिटं दिलेली असतात. प्रमाण सोपं आहे: 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. इटालियन पाककृतीत प्रमाणाच्या जागी ‘क्यू. बी.’ अशी दोन अक्षरं दिसतात, ती ‘क्वांतो बास्ता’ची, म्हणजे पुरेल इतकं. आपलं ‘चवीनुसार’! पास्त्याची नावं हा तर शब्द घडवण्याचा आयता धडा आहे. ‘स्पागो’ म्हणजे दोरा, ‘स्पागेत्ती’ म्हणजे बारीक दोरे. ‘ओरेक्यो’ कान, ‘ओरेक्येत्ते’ इवलेसे कान. ‘फार्फाल्ले’ फुलपाखरं, ‘पेन्ने’ लेखण्या. ही सगळी अनेकवचनं आहेत: शेवटचा ओ अनेकवचनात ई होतो, आ बहुधा ए होतो. ‘पानीनी’ हेही अनेकवचनच, एक हवा असेल तर ‘पानीनो’ मागा.

शाकाहारी असाल तर शब्द नेमके हवेत. पिझ्झ्यावर ‘पेपेरोनी’ लिहिलं असेल तर घाबरू नका, ती ढोबळी मिरची आहे. ‘कार्ने नको’ एवढंच सांगून मात्र थांबू नका, कारण हॅम किंवा मासा ‘कार्ने’त मोडतो असं समोरच्याला वाटेलच असं नाही. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ म्हणजे मांस आणि मासे दोन्ही नकोत, असं म्हणा. रिसोत्तो या भातात घातलेला ‘ब्रोदो’, म्हणजे सूप, कशाचा आहे ते विचारा, कारण तो बहुधा मांसाच्या पाण्याचा असतो. पियादीना आणि फोकाच्चा या रोट्यांत ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी असू शकते. पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतं, तेव्हा दुसऱ्या चीजच्या वेष्टनावर ‘काल्यो वेजेताले’ शोधा.

ऑपेराकडे वळायचं ते कानासाठी. व्हेरोनातल्या रोमन रंगमंडलात 1913 पासून उन्हाळ्यात ऑपेरा होतात. दगडी पायऱ्यांवरची तिकिटं स्वस्त, पण उशी न्यायला विसरू नका. ‘लिब्रेत्तो’ म्हणजे छोटं पुस्तक, ते आधी अंकवार वाचून जा. फक्त त्यातले शब्द दुकानात वापरू नका: तिथे ‘क्वोरे’चं ‘कोर’ होतं आणि ‘स्पेरान्त्सा’ची ‘स्पेमे’, आणि आज असं कुणी बोलत नाही. उलट संगीतातला एक शब्द रोज कामी येतो. ‘पियानो’ म्हणजे हळू. ‘पार्ली प्यू पियानो’ म्हटलं की भरभर बोलणारा माणूस वेग कमी करतो. लिफ्टमध्ये मात्र ‘तेर्त्सो पियानो’ म्हणजे तिसरा मजला.

एवढं सगळं जमलं तरी गावागणिक शब्द बदलतील, आणि इथले लोक त्या शब्दांना जिवापाड जपतात. कलिंगड उत्तरेत ‘आंगूरिया’, रोमकडे ‘कोकोमेरो’. सिसिलीतला तळलेला भाताचा गोळा कातानियात पुल्लिंगी ‘अरांचीनो’, पालेर्मोत स्त्रीलिंगी ‘अरांचीना’. ज्या गावात उभे असाल त्या गावाचा शब्द वापरा. कोणता ते माहीत नसेल, तर काचेमागच्या थाळीवरची चिठ्ठी वाचा आणि मग मागा.