गच्ची, दोन पिंपं आणि पडवळ

गच्चीवर भाजी लावली की पैसे वाचतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लाल मातीच्या गोण्या, बांबू, जाळी, सुतळी, निंबोळी तेल असं सगळं धरलं तर आमचा पहिला टोमॅटो सोन्याच्या भावाने पडला होता. तरीही हे सोडवत नाही. कारण विचाराल तर खत. भाजी येते तशी येते, पण घरातला ओला कचरा जिना उतरत नाही याचं सुख मोठं आहे.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, चार मजली जुन्या इमारतीत सगळ्यात वर राहतो. गच्ची अर्थातच सोसायटीची. सेक्रेटरी काकांचा पहिला प्रश्न गळतीचा होता आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ओळखीतल्या एका सिव्हिल इंजिनिअरला वर नेऊन दाखवलं. तो म्हणाला, ये-जा असलेल्या गच्चीच्या स्लॅबवर साधारण चौरस मीटरला दीडशे किलो भार धरलेला असतो. फूटभर जाडीची ओली माती त्याच जागेत सहज पाचशे किलोवर जाते. म्हणजे वाफे करायचा विचार तिथेच संपला. कुंड्या आणि रंगाचे रिकामे डबे, तेही मधोमध नाही, कडेने, खाली तुळई असेल तिथे, विटांवर उचलून. आणि डब्यात माती जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी पालापाचोळ्याचं खत. एवढं खत विकत आणायचं तर पगार पुरायचा नाही. तेव्हा खताची पिंपं आधी आली आणि भाजी मागाहून.

दोन जुनी प्लॅस्टिकची पिंपं घेतली, प्लंबरकडून अंगाला आणि बुडाला भोकं पाडून घेतली. एक भरायचं, ते भरलं की झाकून ठेवायचं आणि दुसरं सुरू करायचं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळलेल्या पाल्यात कर्ब जास्त. नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस ते तीस भाग असले की जिवाणू खूश असतात. पण हा हिशेब तराजूने कोण करणार? व्यवहारात एक डबा कचरा टाकला की दोन डबे पाला, एवढं पुरतं. सोबत थोडं आंबट ताक. सासूबाई संगमेश्वरकडच्या. माझं डबे मोजणं बघून म्हणाल्या, ‘‘गायरीला माप कसलं लावतेस गो? आमच्याकडे शेण, पातेरा, राख, सगळं एकात.’’ गायरी म्हणजे खताचा खड्डा. त्यांच्या गायरीला मोकळी जमीन होती, वर आभाळ होतं आणि वास घ्यायला शेजारी नव्हते, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

पाला नीट पडला की पिंप तापतं. आत हात घालवत नाही इतकं. झाकण काढल्यावर वाफ आली की मला अजूनही आनंद होतो, नवऱ्याला त्यात काय बघायचं ते कळत नाही. ओल तपासायची खूण सोपी आहे: मूठभर माल दाबायचा, एखाददुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाला घाला. अमोनियाचा, डोळ्यांत जाणारा वास आला तरी पालाच घाला. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, तेव्हा पाला घालून उलथापालथ करा. थोडक्यात, या खात्यात नव्वद टक्के दुखण्यांवर औषध एकच.

आणि ते औषध नेमकं लागतं तेव्हा मिळत नाही! ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. पानगळ माघ-फाल्गुनात. रस्ते झाडणारे ढीग लावतात, मागाल तितका पाला मिळतो. खरी गरज जुलैमध्ये, जेव्हा डोंबिवलीची हवाच पिळून काढता येईल अशी असते. पहिल्या पावसाळ्यात माझ्याकडचा पाला आषाढातच संपला. कोकोपीटच्या विटा आणल्या. पाच किलोची वीट भिजून टोपलंभर फुगते, पण आम्हाला ती कोरडीच भुगा करून हवी होती, आणि ती कोरडी फोडणं हा व्यायाम आहे. रसवंतीवाल्याकडून चिपाडं आणली, ती लवकर कुजेनात. शेवटी वर्तमानपत्राचे तुकडे. आता फेब्रुवारी-मार्चमध्येच गोण्या भरून जिन्याच्या टोपीखाली रचते. पानं चुरून भरली तर गोणीत दुप्पट मावतात.

त्याच पावसाळ्यात अळ्या झाल्या. करड्या, चपट्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि शेकड्यांनी. रात्री शांततेत पिंपातून त्यांचा सरसर आवाज यायचा. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. ही माशी चावत नाही, अन्नावर घोटाळत नाही, आणि अळ्या कचरा असा फस्त करतात की पिंपाची पातळी रोज खाली गेलेली दिसते. घरमाश्यासुद्धा तिथे कमी होतात. पण हे सगळं खरं असलं तरी अळी पूर्ण वाढली की कोरडी जागा शोधत बाहेर पडते, आणि आमच्या अळ्या कोरडी जागा शोधत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दारापर्यंत गेल्या. सोसायटीच्या सभेत विषय निघाला. मी कीटकशास्त्र सांगायला गेले, कुणी ऐकलं नाही. मग पिंपाच्या तळाच्या भोकांना बारीक जाळी बसवली, झाकणाच्या आतल्या कडेला जाळीची पट्टी लावली आणि शिजलेलं अन्न टाकणं बंद केलं. उंदीरही त्यानेच कमी झाले. विषय पुढच्या सभेत आला नाही.

दोन-तीन महिन्यांनी माल काळा होतो, मातीसारखा वास येतो. बांधकामावरची वाळू चाळायची चाळणी लावून चाळायचा. आंब्याच्या कोयी, अंड्याची टरफलं, नारळाच्या शेंड्या वर राहतात, त्या पुन्हा पिंपात. गणपतीनंतरच्या निर्माल्यात दोरे आणि प्लॅस्टिकची पानं इतकी निघतात की हारवाल्यांना घरी बोलावून चाळायला लावावंसं वाटतं. खत पक्कं झालं का बघायला मूठभर मेथी पेरायची. मेथी धड उगवली नाही तर कुंडीत घालू नका. कच्च्या खतातले जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःच खातात आणि रोपं पिवळी पडतात.

भाजीचं सांगायचं तर, मी ती लोकलच्या वेळापत्रकावरून निवडते. हे विनोदाने म्हणत नाही. इतक्या वर, इमारतींच्या गर्दीत मधमाश्या फार येत नाहीत. वेलभाज्यांचं परागीभवन हातानेच करावं लागतं. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. त्या वेळी मी गाडीत उभी असते. दुधी आणि पडवळ मात्र संध्याकाळी उमलतात, मी घरी येते तेव्हा. पडवळाची नरफुलं घोसाने येतात, मादीफूल एकटं, त्याच्या मागे इवलंसं पडवळ असतंच. नरफूल तोडायचं, मादीवर फिरवायचं, झालं. रविवारपुरते भोपळे लागले असते, पण रविवार आणि मादीफूल एका दिवशी जुळून येत नाहीत.

पडवळ सासूबाईंच्या देखरेखीखाली. रोहिणीत बी, गणपतीत भाजी, हा त्यांचा नियम, आणि तो डोंबिवलीतही चालतो. कोवळ्या पडवळाच्या टोकाला दोऱ्याने खडा बांधायचा म्हणजे सरळ वाढतं. फळमाशीचा त्रास होतो, ती सालीत अंडी घालते आणि फळ आतून सडतं. कामगंध सापळ्याने, म्हणजे नरांना वासाने ओढणाऱ्या सापळ्याने, नर अडकतात, पण मी त्यावर विसंबत नाही. फळ धरल्याबरोबर जुन्या ओढणीची पिशवी चढवते.

टोमॅटो श्रावणाच्या शेवटी लावले तर थंडीत चांगले येतात. उन्हाळ्यात फुलं गळतात, त्यात खताचा किंवा तुमचा काही दोष नसतो. फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडला तर लगेच फवारणीला धावू नका. पाणी कधी कमी कधी जास्त झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोज सारखं पाणी द्या, पुढची फळं सुधारतात. वांग्याचे शेंडे माना टाकतात ते पोखरणाऱ्या अळीमुळे. शेंडा कापायचा आणि तो पिंपात टाकायचा नाही. मिरची मला जमत नाही. पानं आकसतात, फुलकिडे दिसतात, निंबोळी तेल पाण्यात लिटरला पाच मिली घालून साबणाच्या थेंबासह फवारते, चार दिवस बरी राहते, पुन्हा तेच. फ्लॉवरला कधी हात लावला नाही, एका गड्ड्यासाठी डबा महिनोन्‌महिने अडतो.

जागेच्या हिशेबात परवडतात त्या पालेभाज्या. मायाळू, अंबाडी, लाल माठ, थंडीत चाकवत. कोथिंबिरीचे धणे हलकेच रगडून दोन फाकी करून पेरायचे. कबुतरं कोवळी मेथी मुळासकट उपटतात, म्हणून रोपं जरा मोठी होईपर्यंत वर जाळी. मायाळू तर पेरावाही लागत नाही, बी पडून आपणच उगवतो. खतातूनही काय काय निघतं. घरच्या पिंपाची ऊब सगळं बी मारण्याइतकी टिकत नाही, त्यामुळे गेल्या वर्षी पालकाच्या डब्यात पपई आली.

यंदा खत आमच्या डब्यांना लागतं त्याहून जास्त झालंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अधूनमधून तुळशीसाठी मागून नेतात, आणि सेक्रेटरी काकांनी सोसायटीच्या आवारातल्या चाफ्यासाठी दोन घमेली नेली. त्या निमित्ताने मी तिसऱ्या पिंपाची परवानगी मागितली आहे. ते म्हणतात लेखी अर्ज द्या, पुढच्या सभेत ठेवू. सासूबाईंना चिबूड लावायचाय. वेलाला पसरायला जागा लागते, गच्चीच्या मधोमध सोडायचा तर भाराचा प्रश्न नाही, पण वाळवणं घालायची कुठे यावर घरातच अजून एकमत झालेलं नाही.