पगारपत्रकातली दरी: माझा अनुभव

कंपनीतल्या स्त्रियांचे आणि पुरुषांचे पगार एकदा नीट ताडून पाहायचे असं ठरलं, तेव्हा अकाउंट्समधून माझं नाव गेलं. गटात एचआरमधली एक सहकारी, उत्पादन विभागातले एक वरिष्ठ आणि कायदेशीर बाबी पाहणारे एक जण होते. आकड्यांचं काम माझ्याकडे आलं. ज्यांच्या ऑफिसात असं काही सुरू होणार आहे किंवा व्हावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

परवानगी मिळवण्यात बरेच दिवस गेले. ‘आपल्याकडे भेदभाव नाही, आम्ही फक्त काम बघतो’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी बोलायचं, आणि बोलणारा मनापासून बोलायचा. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमच्या एचआरच्या सहकारीने वरिष्ठांना वेगळाच प्रश्न विचारला: आपण ज्याला जो पगार देतो, त्याचं कारण आपल्याला लिहून दाखवता येईल का? आइसलँडमध्ये २०१८ साली लागू झालेल्या कायद्याने पंचवीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आपली पगारव्यवस्था समान असल्याचं सिद्ध करून प्रमाणपत्र घेणं बंधनकारक केलं, हेही तिने सांगितलं. त्या कायद्याने पुरावा द्यायची जबाबदारी मालकावर टाकली, कमी पगार मिळणाऱ्या बाईवर नाही. हा मुद्दा वरिष्ठांना पटला.

सुरुवातीलाच दोन गोष्टी लेखी घेतल्या. दरी भरून काढायला कुणाचाही पगार कमी केला जाणार नाही, ही पहिली. ही ओळ सगळ्यांना कळवली नसती, तर पुरुष सहकाऱ्यांच्या मनातली भीती शेवटपर्यंत गेली नसती. दुसरी गोष्ट गुप्ततेची: अहवालात एकही नाव येणार नाही.

मग आकडे. एकूण सरासरी काढणं सोपं, पण तेवढ्याने काहीच कळत नाही. वरच्या मोजक्या लोकांचे मोठे पगार सरासरीला ओढून नेतात, म्हणून मध्यक, म्हणजे सगळे पगार ओळीने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडाही काढला. त्यानंतर एकाच श्रेणीतल्या स्त्रिया आणि पुरुष वेगळे करून पाहिले, तर बऱ्याच श्रेणींमध्ये फरक किरकोळ निघाला. उत्पादनवाल्या सरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण संपूर्ण कंपनीची दरी मात्र मोठी होती, कारण खालच्या श्रेणी स्त्रियांनी भरलेल्या होत्या आणि वर जाल तशा त्या कमी होत गेल्या होत्या. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाच पायरीवर समान पैसे मिळतात का, हा एक, आणि पायरी चढायला कोणाला मिळते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चांगलं आलं म्हणून दुसरा सोडून देण्याचा मोह फार मोठा असतो. आम्ही तो दुसरा प्रश्न सोडला नाही, याचं मला आजही समाधान आहे.

जिथे एकाच श्रेणीत फरक होता, तिथे मी प्रत्येक नोंद मागे मागे नेत गेले. बहुतेक वेळा धागा नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत पोचायचा. सुरुवातीचा पगार आधीच्या पगारावर काही टक्के वाढवून ठरवलेला असायचा. जिला आधीच्या ठिकाणी कमी मिळत होतं, तिचं कमी मिळणं आमच्याकडेही आलं. पुढे सगळ्यांना सारखी टक्केवारी दिली तरी उपयोग होत नाही. समजा, एक जण १०० वर आणि दुसरी ९० वर सुरू झाली आणि दोघांनाही दर वर्षी ८ टक्के वाढ मिळाली, तर दहा वर्षांनी दोघांमधलं अंतर १० वरून २१ च्या वर जातं. प्रत्येक वर्षीची वाढ न्याय्य दिसते. हे गणित मी बैठकीत फळ्यावर मांडलं. त्या दिवशीच्या चर्चेइतकी प्रामाणिक चर्चा मी ऑफिसात क्वचितच ऐकली आहे.

दुसरा धागा बाळंतपणाच्या रजेचा. रजेवरून परतलेल्या बायकांना त्या वर्षी अप्रेझलमध्ये मधली श्रेणी मिळायची, कारण ‘मूल्यमापन करण्याइतकं काम झालेलं नाही’. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. नियमच नव्हता, म्हणून प्रत्येक मॅनेजर आपल्या समजुतीने ठरवत होता. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आज एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत जो फरक दिसतो, त्यातला मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मानंतर उघडतो, हे त्यांच्या अभ्यासाने दाखवलं. ते मी वाचलं होतं. आमच्या पगारपत्रकात तेच ओळीओळीने दिसलं, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची नोंदही त्यात होती. तिने कधी तक्रार केली नव्हती. तक्रार करण्यासारखं काही घडलं आहे, हे तिला कळायला मार्गच नव्हता.

सगळ्यात कठीण आणि मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे वेगवेगळ्या कामांची तुलना. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१च्या शंभराव्या करारात समान मूल्याच्या कामाला समान मोबदला हे तत्त्व आहे. म्हणजे दोघांचं काम एकसारखं असण्याची गरज नाही, त्याचं मोल सारखं असलं की झालं. आम्ही तक्रार निवारण कक्ष, जिथे जवळजवळ सगळ्या स्त्रिया, आणि गोदामाची देखरेख, जिथे सगळे पुरुष, ही दोन कामं घेतली. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार निकषांवर गुण द्यायचे होते. ‘श्रम’ म्हटल्यावर पहिल्या फेरीत सगळ्यांनी वजन उचलण्याचा विचार केला. मग आम्ही एक दुपार तक्रार कक्षात बसून फोन ऐकले. दिवसभर चिडलेल्या माणसांचं ऐकून घ्यायचं, आवाज न चढवता उत्तर द्यायचं आणि लगेच पुढचा फोन घ्यायचा. दुसऱ्या फेरीत उत्पादनवाल्या सरांनी त्या कामाला श्रमाचे वाढीव गुण स्वतःहून दिले. गोदामाचे गुणही कमी झाले नाहीत. त्या कामात उकाडा आहे, धोका आहे. दोन्ही कामांची बेरीज जवळपास सारखी आली, पगार मात्र सारखे नव्हते.

एक व्यावहारिक गोष्ट, जी आधी कुणी सांगितली तर वेळ वाचेल. एखाद्या गटात दोन-तीनच माणसं असतील, तर त्या गटाची सरासरी छापू नका, कोणाचा पगार किती हे लगेच ओळखता येतं. आमच्याकडे हा प्रश्न ट्रान्सजेंडर सहकाऱ्यांच्या बाबतीत फार नाजूक होता. नोंदींमध्ये स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय होते. ते वाढवले, लिंगओळख सांगणं ऐच्छिक ठेवलं आणि अहवालात तो आकडा स्वतंत्र दाखवला नाही. मग त्यांचा अनुभव समजणार कसा? थेट बोलून. ज्यांची तयारी होती त्यांच्याशी एचआरच्या सहकारीने एकटीने, त्यांच्या सोयीने बोलणं केलं. पगारापेक्षा रोजच्या गोष्टी पुढे आल्या: ओळखपत्रावरचं नाव, प्रसाधनगृह, विमा अर्जातला रकाना. नाव बदलण्याची पद्धत सोपी करायला एक पैसाही लागला नाही.

अहवालानंतर कंपनीने दरी दोन टप्प्यांत भरायचं मान्य केलं. नव्या माणसाला आधीचा पगार विचारणं बंद झालं. जाहिरातीतच पगाराची कक्षा दिली जाते. रजेच्या वर्षी रजेआधीची अप्रेझल श्रेणी धरली जाते. बढतीसाठी अर्ज मागवण्याऐवजी पात्र असलेल्या प्रत्येकाचं नाव आपोआप यादीत येतं, आणि मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात. पहिल्याच वर्षी त्या यादीत अशी काही नावं आली, ज्यांनी स्वतः कधीच अर्ज केला नसता.

मुलं झाल्यावर रजा घेणारे पुरुष अजून फार थोडे आहेत, कारण त्यांना साहेब काय म्हणतील याची धास्ती वाटते. त्यांच्या रजेलाही हाच अप्रेझलचा नियम लागू आहे, हे आम्ही विभागवार जाऊन सांगतो आहोत. आणि एक मोठा गट तपासणीच्या बाहेर राहिला: सफाई, सुरक्षा आणि कॅन्टीनमधली कंत्राटी माणसं. त्यांचे पगार ठेकेदाराच्या वहीत असतात, आमच्या पगारपत्रकात नसतात. पुढच्या कंत्राटात स्त्री-पुरुषनिहाय वेतनाचा तपशील देणं ठेकेदाराला बंधनकारक करावं, असं टिपण मी दिलं आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही.