सातपैकी चार मिनिटे

शनिवार, रात्री साडेदहा

प्रशिक्षणाचा तिसरा आठवडा आज संपला. आज परीक्षा नव्हती, तरीही मी नापास झाले असे म्हणायला हरकत नाही. आम्हा दहा जणांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीला सात मिनिटे दिली होती. एकाने आपली अडचण सांगायची आणि दुसऱ्याने पीअर सपोर्ट वर्कर, म्हणजे त्याच वाटेने आधी गेलेला सोबती, म्हणून त्याच्याजवळ बसायचे. माझ्या वाट्याला एक निवृत्त शिक्षक आले. रुग्णालयातून घरी परतल्यापासून जिन्यात भेटणारे शेजारी आपल्याला पाहून बोलणे थांबवतात, एवढेच ते सांगत होते. त्यांचे वाक्य पुरते संपायच्या आत मी "अहो, माझंही अगदी असंच झालं" असे म्हणून माझ्या इमारतीतला जिना, माझे शेजारी आणि माझी अकरा वर्षे त्यांच्यापुढे मांडून मोकळी झाले. प्रशिक्षक ताईंनी घड्याळ लावले होते. सातपैकी चार मिनिटे मीच बोलत होते. सर सभ्य गृहस्थ आहेत; शेवटी तेच मला म्हणाले, "फार सोसलंत हो तुम्ही."

सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना बसमध्ये ते हसू जरा टोचत राहिले. द्विध्रुवीय विकाराचे, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला नेणाऱ्या आजाराचे, निदान झाल्यापासून मी हा विषय झाकून ठेवण्यात तरबेज झाले आहे. नोकरीच्या प्रत्येक अर्जात मधल्या दोन वर्षांपुढे "घरगुती अडचण" असे लिहायचे आणि मुलाखतीत तेवढ्यापुरते सासूबाईंना आजारी पाडायचे, हा माझा शिरस्ता. या अभ्यासक्रमाच्या अर्जात मात्र आजाराचा अनुभव हाच पात्रतेचा रकाना होता. इतकी वर्षे दडपलेले झाकण एकदा उघडले की समोरच्याची पाळी आहे याचे भान राहत नाही, ही माझी आजची चूक. ताई म्हणाल्या की आपली गोष्ट सांगूच नये असे नाही, पण तोंड उघडण्याआधी एकच तपासावे: ही गोष्ट त्यांना आत्ता उपयोगी पडणार आहे, की सांगितल्याने मला बरे वाटणार आहे? माझे उत्तर उघडच होते.

मराठीत ऐकण्याचे दोन अर्थ आहेत, हे मला आजवर इतके जाणवले नव्हते. "माझं ऐक" म्हणजे मी सांगते तसे कर. आजारपणाच्या काळात मला हे वाक्य मामापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सर्वांनी ऐकवले: माझं ऐक, पहाटे उठून सूर्यनमस्कार घाल, माझं ऐक, या गोळ्यांची सवय लागते, माझं ऐक, कामात मन रमव. ऐकत नाही म्हणून माझी तक्रार व्हायची, आणि माझे ऐकून घ्यायला मात्र कोणाला सवड नसायची. आता पंचेचाळिसाव्या वर्षी मी त्या क्रियापदाचा दुसरा अर्थ शिकते आहे, आणि तो गिरवताना जीभ दातांखाली धरावी लागते आहे.

औषधांच्या बाबतीत तर हा मोह फारच. लिथियम या माझ्या आजारावरच्या औषधाविषयी मला पुष्कळ कळते. रक्तातले त्याचे प्रमाण ठरावीक काळाने तपासावे लागते, थायरॉइड आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी झाले तर त्रास वाढू शकतो, हे मी अंगावर काढून शिकले. पण कोणाची गोळी वाढवा, कमी करा किंवा थांबवा असे सांगणे आमच्या कामात बसत नाही. "हे डॉक्टरांना विचारायला मी तुमच्याबरोबर येऊ का?" असे म्हणणे मात्र बसते, आणि त्या एका वाक्याची मला त्या काळात किती गरज होती ते माझे मलाच माहीत.

दुपारी गोपनीयतेवर बराच वाद झाला. एका मुलीने विचारले, समोरच्याने जीव देण्याचा विचार बोलून दाखवला तर आपण गप्प राहायचे का, आणि पोलिसांचे काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते, हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही कलमाचा क्रमांक आजच कळला. मात्र जिवाला धोका दिसला तर गोष्ट आपल्यापाशी ठेवायची नाही, वरिष्ठांना कळवायचे, आणि हे आपण करणार आहोत असे त्या व्यक्तीलाही पहिल्या भेटीतच सांगून ठेवायचे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

आजारातून गेलेल्यानेच दुसऱ्याला सोबत करायची ही कल्पना नवी नाही, याचे मला बरे वाटले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात ज्याँ-बाप्तिस्त प्युसँ हा अधीक्षक बऱ्या झालेल्या रुग्णांनाच सेवक म्हणून नेमत असे. तो स्वतःही तिथे आधी गंडमाळेचा, म्हणजे मानेतल्या गाठींच्या क्षयाचा, रुग्ण म्हणून आला होता. आमच्याकडे अजून कोणी जरा वेगळे वागले की "येरवड्याला पाठवा" हा विनोद चालतो, आणि त्यावर हसणाऱ्यांत मीही एके काळी होते.

घरी आले तेव्हा आई भाजी निवडत होती. स्वमदत गटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, हे मी तिला सांगितले. तिला शब्द आवडला की नाही कळले नाही. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "त्या वर्षी तुझ्या गाडीची किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवायचे. रात्री उठून हात घालून बघायचे, आहे ना म्हणून." मला ते तेव्हाही माहीत होते, आणि तसे सांगायला मी तोंड उघडलेही होते. मग मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढून घेतली आणि पाने खुडत बसले. ती बराच वेळ बोलत होती.