तुम्ही विचारलंत म्हणून: सिग्नल उलटा कशाला करायचा?

इंजिनिअरिंगच्या 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' विषयाच्या तासाला दर वर्षी कुणीतरी विचारतंच, नोकरीला लागलेली मुलंसुद्धा फोनवर विचारतात, "सर, कन्व्होल्युशनमध्ये एक सिग्नल उलटा का करायचा? सर्किटमध्ये काळ काय मागे धावतो?" (कन्व्होल्युशन म्हणजे आतापर्यंत आत गेलेल्या सगळ्या सिग्नलचा आत्ता उरलेला परिणाम जोडून बाहेर काय येईल ते काढायची रीत.)

पहिली काही वर्षं मी "सूत्रात टाऊच्या, म्हणजे काळाच्या चलाच्या, आधी उणे आहे ना, म्हणून" असं सांगून वेळ मारून नेली. उलटवा, सरकवा, गुणा, बेरीज करा, हे मुलं मंत्रासारखं घोकायची आणि परीक्षेत इंटिग्रलच्या मर्यादा हमखास चुकवायची.

हल्ली मी फळ्यावर किराणा दुकान मांडतो. 100 रुपयांच्या उधारीतले 50 त्याच आठवड्यात येतात, 30 पुढच्या, 20 त्याच्या पुढच्या. हा त्या दुकानाचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एकाच धक्क्याला मिळणारा पूर्ण प्रतिसाद. आता पहिल्या आठवड्यात 100 ची उधारी दिली, दुसऱ्यात 200 ची, तिसऱ्यात 300 ची. तिसऱ्या आठवड्यात गल्ल्यात किती जमा? 300 मधले 150, 200 मधले 60, 100 मधले 20. झाले 230. मग सांगतो, 100, 200, 300 च्या खाली ज्याचा त्याचा टक्का लिहा. मुलं लिहितात: 20, 30, 50. लिहिता लिहिताच कुणीतरी "अरे!" म्हणतं. जुन्या उधारीचा शेवटचा हप्ता, ताज्या उधारीचा पहिला. 50, 30, 20 ची पट्टी आपसूक उलटी पडते.

मर्यादांचंही तसंच. वही उघडली त्या दिवसापासून आजपर्यंत. उद्या द्यायच्या उधारीची वसुली आज कशी होईल?

मग आरसी, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरचं, सर्किट. 1 किलोओहम, 1 मायक्रोफॅरड. प्रत्येक धक्क्याचा परिणाम दर मिलिसेकंदाला साधारण 37 टक्क्यांवर येतो. कपॅसिटरवरचं आत्ताचं व्होल्टेज म्हणजे शिळ्या-ताज्या सगळ्या धक्क्यांमधलं जे उरलं त्याची बेरीज. (इथे पोचेपर्यंत तास संपत आलेला असतो, ही माझी जुनी खोड.)

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, आमचं दुकानच आहे. दिवाळीला लोक सगळी उधारी एकदम चुकती करतात. मग तुमचं 50, 30, 20 कुठं राहिलं?"

टाइम-इन्व्हेरिअन्सची, म्हणजे सिस्टिमचं वागणं काळानुसार बदलत नाही या अटीची, व्याख्या मी त्या सत्रात तीनदा लिहून दिली होती. खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "दिवाळीत आपलं कन्व्होल्युशन बंद."