ताई किती टक्के?

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

संध्याकाळी ताईने तीनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा रिंग वाजून थांबली आणि मनात पक्कं झालं, तिला माझी काळजी कधी नव्हतीच. सकाळी हीच ताई माझं सगळं होती. नंबर ब्लॉक करायला बोट गेलंसुद्धा.

मला बॉर्डरलाइन हा व्यक्तिमत्त्वाचा मानसिक आजार आहे. लोकांना वाटतं बॉर्डरलाइन म्हणजे मूड बदलणं. माझ्यापुढे अख्खा माणूसच बदलतो. मागच्या आजारपणात ताई चार रात्री दवाखान्यात बाकावर झोपली होती, ते मला तेव्हाही आठवत असतं. फक्त ते खोटं वाटतं, नाटक केल्यासारखं.

ब्लॉक न करता वही काढली. आडवी रेघ, एका टोकाला ०, दुसऱ्याला १००. माझ्यावर उपचार करणाऱ्या मॅडमनी बजावलंय, आधी दोन्ही टोकं लिहायची, माणूस नंतर बसवायचा. ० म्हणजे मी दवाखान्यात आहे हे कळूनही न येणारी. १०० म्हणजे ताप असो, काम असो, जन्मभर पहिल्या रिंगला फोन उचलणारी. लिहून झाल्यावर १०० वर बसेल असं कुणी आठवेना. आईसुद्धा नाही. मग चार रात्री लिहिल्या, मागच्या वर्षी विसरलेला वाढदिवसही लिहिला, आणि मार्चअखेर चालू आहे, ताई बँकेत आहे, हेही. सुरुवातीला ५ म्हणत होते, ७० वर आले.

छातीतली धडधड मात्र तशीच होती. आकडा डोक्याला पटतो, शरीराला उशिरा. 'सकारात्मक विचार कर' सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. वाढदिवस विसरली ते रेघेवर आहेच, मी ते पुसलेलं नाही.

विचारांतल्या अशा चुका मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये टिपल्या. आमच्यासारख्यांसाठी वेगळी उपचारपद्धत मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहॅन यांनी उभी केली. १९६१ मध्ये, १७ व्या वर्षी, त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या आणि २०११ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. वाईट दिवशी मी हे स्वतःला मुद्दाम सांगते. दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. म्हणून मॅडम 'पण' खोडून 'आणि' लिहायला लावतात. ताईने फोन उचलला नाही आणि तिला माझी काळजी आहे.

नऊला मेसेज आला, 'आत्ता निघाले गं. जेवलीस का?'

तो वाचला आणि शून्य माझ्याकडे आलं. हिच्याबद्दल असा विचार करणारी मी किती नालायक! ताई सुटली की मी अडकते, हे दर वेळचं आहे. मग दुसरी रेघ, माझी. ताईला जागा द्यायला दहा मिनिटं लागली, माझ्यासाठी तासभर पेन हातात. ब्लॉक केलं नाही, हे एक लिहिलं. वही काढली, हे दुसरं.

४० वर टिंब दिलंय, पेन्सिलीने. गुरुवारी मॅडमना दाखवते.

ताईला कळवलं, 'नाही जेवले. खिचडी टाकतेय.'