स्लायडिंग काढल्यानंतर

गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही बाल्कनीची स्लायडिंग काढून टाकली. घर पुण्यात, सिंहगड रोडच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर. बाल्कनी दहा फूट लांब, साडेचार फूट रुंद, तोंड पश्चिमेला. आधीच्या मालकांनी ती ॲल्युमिनियमच्या काचांनी बंद करून हॉलमध्ये घेतली होती, आणि घर पाहताना आम्हाला नेमकं तेच आवडलं होतं. हॉल केवढा मोठा दिसतो, म्हणून.

त्या मोठ्या हॉलमध्ये आठ वर्षांत काय काय आलं ते मी एकदा कागदावर लिहून काढलं. कपडे वाळवायचं स्टीलचं स्टँड. कूलर. पडद्यांचे दोन थर, एक जाड, एक पातळ. चपलांचं कपाट. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कारण सोफा काचेजवळ होता आणि दुपारनंतर त्यावर बसवत नसे. एक स्टँडचा दिवा, कारण जाड पडदा ओढला की दिवसाही अंधार. यादी वाचताना लक्षात आलं की यातली एकही वस्तू हौसेनं घेतलेली नाही. दोरी गेली म्हणून स्टँड आलं, वारा गेला म्हणून कूलर आला, काच आली म्हणून पडदे आले. पश्चिमेची काच ऊन आत घेते आणि तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाही, हे साधं गणित आम्ही दर एप्रिलमध्ये सोसत होतो आणि त्यावर उपाय म्हणून आणखी काहीतरी विकत आणत होतो.

कमी वस्तूंत राहण्याबद्दल हल्ली खूप बोललं जातं. मीही कपाटं रिकामी करून पाहिली, दोनदा. सहा महिन्यांत पुन्हा भरली. मग आजोळ आठवलं.

माझं आजोळ राजापूर तालुक्यात. जांभ्या चिऱ्याचं घर: पुढे खळं, म्हणजे अंगण, मग पडवी, पडवीहून पायरीभर उंच ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. आजी पुढच्या अंगणाला ‘पुढलं दार’ म्हणायची आणि परसाला ‘मागलं दार’. ‘मागल्या दारी बघ गो, मोरी वाहतेय काय’ असं म्हणाली की आम्ही विहिरीपर्यंत पळायचो. दार म्हणजे फळी नव्हे, फळीच्या पलीकडची सगळी जागा. घराचा अर्धा कारभार तिथेच चालायचा. दिवाळीनंतर खळं चोपून, शेणानं सारवून त्यावर पोफळीच्या खांबांचा मांडव पडायचा, वर झाप, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. पाहुणे तिथे बसत, आम्ही मुलं तिथे जेवत असू, मे महिन्यात तिथेच निजत असू. पाऊस यायच्या आधी मांडव उतरायचा आणि तेच झाप पडवीच्या वाऱ्याकडच्या बाजूला बांधले जायचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पडवीचं छप्पर इतकं खाली आणलेलं असे की मामाला वाकून आत यावं लागायचं. त्यामुळे पावसाची झड आत येत नसे आणि उतरतं ऊनही अडत असे.

आणि घरात वस्तू? पडवीत झोपाळा आणि एक घडवंची. ओटीवर भिंतीला खुंट्या, खुंट्यांना टोप्या, छत्र्या, पंचे. कोनाड्यात कंदील. अंथरुणं वळकट्या करून एका कोपऱ्यात. पायरीशी पाण्याची बादली आणि तांब्या, पाय धुऊनच वर यायचं. बस्स. चौदा माणसांच्या घरात एक खुर्ची होती, ती पोस्टमनसाठी. हे गरिबीमुळे होतं असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही, कारण त्याच घरात फणसाचं मोठालं कपाट होतं, माजघरात, भांड्यांनी भरलेलं. बसायला पायरी होती, वाळवायला खळं होतं, गारवा पडवी देत होती. त्या कामांसाठी वस्तू आणायची गरजच पडत नव्हती.

त्या तांब्याबद्दल थोडं. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरलं आणि त्यांनी एक अहवाल दिला. १९६१ मध्ये अहमदाबादेत जी राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, तिच्यामागे तो अहवाल आहे. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते लोट्याचं, म्हणजे आपल्या तांब्याचं. त्यात किती पाणी मावावं, तो हातात, कमरेवर, डोक्यावर कसा धरला जाईल, भरलेला आणि रिकामा असताना तोल कुठे असेल, ओतताना धार कशी पडेल, आतून घासता येईल का, उन्हात हाताला कसा लागेल, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले होते. हे वाचलं त्या रात्री मी आमचा पितळी तांब्या माळ्यावरून काढला. गळ्यापाशी बोटं जिथे बसतात तिथे तो खरंच बोटांसाठी बनलेला आहे. तीस वर्षं तो हातात घेऊनही मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

स्लायडिंग काढायचं धाडस मात्र आलं ते बेलापूरमुळे. माझी मावशी काही वर्षं नवी मुंबईत आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहायची. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ दरम्यान आखलेली ती बेलापूरची वसाहत. साधारण सात घरं एका आठ मीटरच्या चौकाभोवती, आणि शिवाय प्रत्येक घराला स्वतःचं उघडं अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे आजच्या फ्लॅटएवढेच. दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणून ज्याला जसं जमेल तसं वाढवता यावं. लोकांनी वाढवलंही, आज तिथे मूळ रूपात फार घरं उरलेली नाहीत. मावशीच्या छोट्या अंगणात तुळस, एक नळ आणि एक बाकडं होतं. ती सकाळचा चहा, भाजी निवडणं, पेपर, सगळं तिथेच करायची.

कोरियांनी हाच विचार उंच इमारतीतही नेला. मुंबईत कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत, १९८३ साली पुरी झालेली, २८ मजली, प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीचा उघडा व्हरांडा कोरून काढला आहे. मुंबईत पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, पण दुपारचं ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी यावर भोवती व्हरांडे काढले होते. मला त्या घरांची श्रीमंती नको, पण पश्चिमेला पाठ न फिरवता मध्ये एक पडवी ठेवायची, ही गोष्ट मनात बसली.

सासूबाईंचा विरोध होता. ‘खोली कमी होईल गं,’ त्या म्हणाल्या. नवऱ्याला कबुतरांची भीती, आणि ती खरी होती. जाळी लावावीच लागली. सोसायटीला पत्र दिलं आणि काम सुरू केलं. आधीच्या मालकांनी हॉलच्या पातळीला आणलेला भराव काढला, पाणी अडवणारा लेप दिला, वर शहाबादी फरशी, उतार बाहेरच्या पायपाकडे. हॉल आणि बाल्कनीमध्ये कडाप्प्याचा दोन इंची उंबरा. कागदावर सगळं ठीक होतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी पायपाकडे न जाता उलट उंबऱ्याकडे आलं आणि सतरंजी भिजली. उतार अर्धाच दिला होता. चार फरश्या उखडून पुन्हा बसवल्या. त्या आठवड्यात मी घरात फार बोलले नाही.

आणखी एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. साडेचार फुटांचं छत दुपारी दोनला सावली देतं, पण चारनंतर सूर्य खाली उतरला की ऊन छताखालून सरळ आत येतं. आजोळची पडवी इतकी खाली का वाकलेली होती ते मला तेव्हा खऱ्या अर्थानं समजलं. फ्लॅटचं छत वाकवता येत नाही, म्हणून बांबूचा चिक टांगला आणि एका बाजूनं मधुमालती चढवली. या वर्षी ती वरपर्यंत गेली आहे.

कूलर यंदा वापरायला काढलाच नाही. स्टँड कामवाल्या मावशींना दिलं. जाड पडदे गेले, दिवा गेला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या गेल्या. चपलांचं कपाट राहिलं, त्याला पर्याय सापडला नाही. धूळ वाढली आहे, रोज फरशी पुसावी लागते. मला ते चालतं. सासूबाई आता दुपारी उंबऱ्याच्या आत बसून घेवडा सोलतात आणि टोपली बाहेर फरशीवर ठेवतात. त्याबद्दल आम्ही दोघी काही बोलत नाही.

झोपाळा मला बाल्कनीतच हवा होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी स्पष्ट नाही म्हटलं: बाल्कनीचा स्लॅब एका बाजूनंच धरलेला असतो, त्यावर हलतं ओझं टांगू नका. मग दारापासून तीन फूट आत, हॉलच्या तुळईला कड्या बसवल्या. फळी आजोळच्या झोपाळ्याची, मामानं एसटीच्या टपावरून पाठवलेली. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून मी आणि मुलानं जिन्यानं वर आणली. तिच्यावर अजून आजोबांच्या अडकित्त्याच्या खुणा आहेत.

झोका पुढे गेला की पाय उंबऱ्याबाहेर जातात. चिक वर असेल आणि पाऊस पश्चिमेचा असेल, तर तळव्यांना शिंतोडे लागतात.